सोलापूर जिल्ह्यातली रेड वाईन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात द्राक्ष म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कासेगाव-नान्नजकडचा खायचा माल आणि शेडमध्ये वाळत टाकलेला बेदाणा. याच जिल्ह्यात अकलूजजवळ वाईनच्या द्राक्षांच्या बागा आहेत आणि तिथेच रेड वाईन तयार होते, हे ऐकून मुरलेले बागायतदारही थबकतात. बागेत फिरताना आणि काढणीच्या दिवसांत वाईनरीत लोक जे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. रेड वाईनची चव बरीचशी बागेतच ठरते, आपल्या उन्हात तर जास्तच. म्हणून बागेचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि ते लांबलेही आहेत.

सोलापूरच्या उन्हात वाईनची द्राक्षं येतात तरी कशी?

युरोपात वेल थंडीत झोपते, एप्रिलच्या आसपास फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीला येते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. खायच्या द्राक्षांचा हा शिरस्ता वाईनच्या द्राक्षांनाही तसाच लागू पडतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी असते. त्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे न फुटलेल्या कोंबांत, उन्हाळ्यातच पुढच्या घडाची घडण होते. मग पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, आणि तिथून साधारण साडेचार-पाच महिन्यांनी माल तयार होतो.

याचा अर्थ असा, की 42 अंशांचा उन्हाळा द्राक्षाच्या मण्याला बघावाच लागत नाही. तो काडी सोसते. मणी पिकतात जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा दुपारी पारा तिशीच्या आसपास आणि पहाटे 15-16 अंशांवर असतो. रात्रीचा हा गारवा आपल्याला फार मोलाचा आहे, कारण उष्णतेत मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च होतं. रात्र थंड गेली की ते थोडं तरी शिल्लक राहतं. नाशिकला रात्री आणखी थंड, म्हणून तिथे हे काम सोपं. आपल्याला त्यासाठी झटावं लागतं.

पावसाचं म्हणाल तर जिल्हा पर्जन्यछायेतला, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. वेलीला कोरडी हवा मानवते. अडचण एवढीच, की आपल्या पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. बाग पोंग्यात (कोवळी फूट नुकती निघालेली) किंवा फुलोऱ्यात असताना तो आला, तर केवडा हा बुरशीचा रोग घड बघता बघता खलास करतो. छाटणीची तारीख धरताना म्हणूनच माणसं इतकी कातावलेली असतात.

खायच्या द्राक्षांपासूनच करतात ना?

नाही. निदान चांगली रेड वाईन तरी नाही.

काळ्या द्राक्षाचा मणी दाबून बघा, रस जवळजवळ पांढराच निघतो. रंग सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बीमध्ये, वासाचा मोठा भागही सालीतच. म्हणून वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बी असलेला हवा. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. खायच्या द्राक्षात आपण सगळं याच्या उलट करतो. जिब्रेलिक आम्लात (जीए, मणी फुगवणारं संजीवक) घड बुडवायचे, जादा मण्यांची विरळणी करायची, गर्डलिंग करायचं म्हणजे खोडाची साल गोल कापायची आणि मणी 16-18 मिलिमीटरपर्यंत फुगवायचा. वाईनच्या बागेत जीएच्या पुडीचं नावही काढायचं नाही.

नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका आणि शरद सीडलेस या जातींनी महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीला मोठं देणं दिलं आहे. पण त्या खाण्याच्या जाती. शरदचा रंग काळाभोर असला तरी पातळ साल, बी नाही, आम्ल कमी. तिची वाईन केली तर ती मिळमिळीत होते, आणि वर्षभरात रंगही उतरतो.

मग आपल्याकडे कोणत्या जाती लावतात?

लाल वाईनसाठी मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, सांजोव्हेसे आणि मर्लो.

कॅबर्नेचा मणी अगदी बारीक, साल जाड, बी मोठी. कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून ती जन्माला आली, हे 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं. शिराझ मूळची फ्रान्सच्या रोन खोऱ्यातली. तिथे तिला सिरा म्हणतात. भारतात ती चांगली रुळली आहे, रंग भरपूर देते आणि शेतकऱ्याला फार छळत नाही. सांजोव्हेसे इटलीतल्या तोस्काना भागातली, कियांती वाईन तिच्यापासूनच होते. तिचा रंग फिका, पण आंबटपणा ती धरून ठेवते. आपल्या हवामानात हा गुण सोन्यासारखा आहे. माझा कल तिच्याकडे आहे तो एवढ्यासाठीच.

अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेली ही वाईनरी आहे. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून ती उभी केली. तोस्कानातले पिएरो मासी यांनी तिथल्या वाईनला आकार दिला. फ्रातेलीची सेत्ते ही वाईन सांजोव्हेसे आणि कॅबर्ने यांच्या मिश्रणाची आहे. माळशिरस तालुक्यातल्या माळावर तोस्कानाची वेल मूळ धरते, ही गोष्ट मला आजही थोर वाटते.

काळी कसदार जमीन असेल तर चांगलंच ना?

उसाला चांगली, वाईनच्या द्राक्षाला नाही. भारी काळ्या रानात पाणी धरून राहतं आणि वेल माजते. फुटीवर फुटी येतात, पानांची दाटी होते, घड सावलीत पडतो आणि रंग भरत नाही. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश भरपूर असतं. वेलीने ते जास्त उचललं की मण्यातल्या टार्टारिक आम्लाचा काही भाग निष्प्रभ होतो आणि रसाचा सामू (पीएच) वर चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. म्हणून निचरा होणारं, हलकं, मुरमाड रान बघावं. ज्या माळाला लोक नावं ठेवतात, तो इथे कामाला येतो.

खुंटाचं, म्हणजे ज्या मुळांवर कलम करतात त्या झाडाचं म्हणाल तर युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने बागाच्या बागा संपवल्या, तेव्हापासून जगभर अमेरिकन खुंटावर कलम करतात. आपल्याकडे खुंट रुजला तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या टंचाईमुळे. डॉगरिज सगळ्यांच्या ओळखीचा, पण तो वेलीला फार जोर देतो. वाईनच्या जातींसाठी 110 आर बरा पडतो.

पाणी ठिबकनेच. नीरेचा कालवा भरून वाहत असला तरी मोकळं पाणी सोडायचं नाही. सेटिंग झाल्यापासून (मणी धरल्यापासून) मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे तो मऊ होऊन रंग धरू लागेपर्यंत, वेलीला बेताचा ताण द्यायचा, म्हणजे मणी फुगत नाही. ताण जास्त झाला तर पानं गळतात आणि मणी भाजतात, तेव्हा रोज सकाळी बागेतून चक्कर मारून शेंड्याकडे बघण्याला पर्याय नाही.

रिफ्रॅक्टोमीटरवर 22 ब्रिक्स दिसतंय. मग काढणी कशाला लांबवता?

रिफ्रॅक्टोमीटर हे रसातली साखर मोजायचं उपकरण, आणि ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने शेकडा साखर. खायच्या द्राक्षांचे बागायतदार हे हमखास विचारतात. त्यांचं बरोबरच आहे, बाजाराला गोडी लागते. पण आपल्याकडे साखर धावत येते आणि साल-बी मागे राहतात. साखर बघून घाईने काढलं तर वाईन कच्ची, हिरवट, घसा ओढणारी होते. साल पिकायची म्हणून फार थांबलो तर साखर 26 च्या पुढे, आंबटपणा संपलेला, मणी सुकायला लागलेले. या दोन टोकांमध्ये मिळणारे चार-सहा दिवस म्हणजे आमचा हंगाम. लाल जातींसाठी 23 ते 25 ब्रिक्स आणि सामू 3.4 ते 3.7 च्या दरम्यान, असं धरून चालतो. सामू 3.8 च्या वर गेला की रंग मळकट होतो, जिवाणूंची भीती वाढते आणि वाईन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फाइटचाही प्रभाव कमी पडतो.

मात्र आकडे एका बाजूला आणि तोंड दुसऱ्या बाजूला. दव उडालं की ओळीच्या दोन्ही अंगांनी फिरायचं. उन्हातल्या घडातला एक मणी, पानाआडचा एक, घडाच्या खांद्यावरचा एक, टोकाचा एक. मणी देठापासून अलगद सुटतो का बघायचं. सुटताना देठाला जो गराचा तुरा चिकटून राहतो, तो हिरवा आहे की लालसर झालाय? मग मणी तोंडात टाकून रस गिळायचा आणि साल दाढेखाली बराच वेळ चावत राहायचं. जीभ हिरड्यांवरून फिरवली की खरखर लागते. ती बोचरी असेल तर अजून अवकाश आहे, मऊ असेल तर साल पिकली. शेवटी बी तळहातावर घ्यायची. हिरवट, बुळबुळीत असेल तर कच्ची. पूर्ण तपकिरी झालेली बी भाजक्या शेंगदाण्यासारखी कटकन फुटते आणि तिची चवही थोडी तशीच लागते. असं शंभरेक मणी चावेपर्यंत दात निळे-जांभळे झालेले असतात. त्याशिवाय काढणीचा शब्द द्यायचा नाही.

या काळात आणखी एक भांडण चालू असतं, पानं किती काढायची याचं. युरोपातली पुस्तकं सांगतात, घडावर ऊन येऊ द्या. आपल्याकडे पश्चिमेची दुपारची तिरीप थेट घडावर पडली तर मणी भाजतात, रंग फिका पडतो. म्हणून सकाळच्या उन्हाच्या बाजूची पानं काढायची, दुपारच्या बाजूची राखायची.

काढणी पहाटेच का करता?

थंड घड वाईनरीत आला तर किण्वन, म्हणजे रस आंबणं, आपल्या हातात राहतं. दुपारी काढलेला माल क्रेटमध्येच तापतो, खालचे मणी फुटतात, रस निथळतो आणि नको ते जंतू आधीच कामाला लागतात. म्हणून कपाळाला बॅटरी बांधून कात्री चालवायची आणि ऊन तापायच्या आत शेवटची ट्रॉली पोचती करायची.

लाल रंग वरून घालतात का?

नाही. साल रसात मुरते, त्यातून रंग उतरतो. काळ्या द्राक्षाचा रस लगेच गाळून घेतला तर त्याच द्राक्षापासून गुलाबी किंवा जवळजवळ पांढरी वाईनही करता येते.

वाईनरीत घड गेल्यावर नेमकं काय होतं?

आधी निवड. सडके घड, पानं, काड्या बाजूला. मग मशीनमध्ये देठ वेगळे होतात आणि मणी नुसते फुटतात. बी फुटता कामा नये, कारण तिच्यातला कडवटपणा मग कशानेच जात नाही. साल, गर, रस, बी असा सगळा लगदा स्टीलच्या टाकीत जातो. त्यात बेताचं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, म्हणजे जंगली जंतू दबतात. मग यीस्ट.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता देतं. एक लिटर रसातल्या सुमारे 17 ग्रॅम साखरेपासून 1 टक्का अल्कोहोल मिळतं, तेव्हा 24 ब्रिक्सची द्राक्षं साधारण साडेतेरा-चौदा टक्क्यांवर जातात. एक-दोन दिवसांत टाकी बोलायला लागते. आतून बुडबुड्यांची सळसळ ऐकू येते, वायू साली वर ढकलतो आणि रसावर सालींचा जाड, घट्ट थर तयार होतो. हात ठेवला तर तो खालच्या रसापेक्षा गरम लागतो. हा थर कोरडा राहिला तर त्यात व्हिनेगरचे जिवाणू धरतात, शिवाय रंग खाली उतरत नाही. म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर घेऊन थरावर सोडतात, किंवा थर दांड्याने खाली दाबतात. रात्रपाळीलाही हे चुकत नाही. तापमान 25 ते 30 अंशांत राखायचं, त्यासाठी टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड पाणी फिरतं. सोलापूरच्या हवेत ही थंडाई नसेल, तर यीस्ट उष्णतेने मरतं आणि साखर अर्धवट राहते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. किण्वन चालू असलेल्या किंवा नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत कधीही डोकावू नका, उतरू तर नकाच. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, दिसत नाही आणि माणूस क्षणात कोसळतो.

आठवडा ते दोन आठवड्यांत साखर संपते. आपोआप निथळणारी वाईन आधी काढून घेतात, मग साली प्रेसमध्ये दाबून उरलेली. दाबलेली वाईन जास्त तुरट असते, ती वेगळी ठेवून चव बघून मिसळतात. त्यानंतर दुसरं, शांत काम सुरू होतं. ईनोकोकस नावाचे जिवाणू बोचरं मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतात. वाईन मऊ होते ती इथे. मग गाळ खाली बसू द्यायचा, वरची वाईन दुसऱ्या टाकीत घ्यायची, पुन्हा थांबायचं. उरलेला चोथा बागेत खत म्हणून परत जातो.

पायाने तुडवतात म्हणे?

पाहुण्यांना गंमत म्हणून काही ठिकाणी करू देतात. विक्रीची वाईन मशीनवरच होते.

साखर घालतात का?

आपल्याकडे गरजच नाही, साखर मुबलक असते. थंड देशांत कमी पिकलेल्या वर्षी घालतात. उलट आपल्याकडे टार्टारिक आम्ल घालावं लागतं. ते द्राक्षातलंच आम्ल आहे, आणि उष्ण मुलखात जगभर घालतात. बाजारात मिळणारी गोड, पोर्ट नावाची स्वस्त लाल वाईन हा वेगळा प्रकार. ती पिऊन कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली रेड वाईन हाती घेतली की माणूस दचकतो.

ओकची पिंपं कशासाठी?

पिंप साधारण 225 लिटरचं असतं. लाकडाच्या सूक्ष्म रंध्रांतून थोडी थोडी हवा आत जाते, तिने तुरटपणा गोलाईला येतो आणि रंग पक्का होतो. शिवाय आतून भाजलेल्या लाकडाचा वास उतरतो. फ्रेंच ओक लवंग-दालचिनीकडे झुकतो, अमेरिकन ओक व्हॅनिला आणि खोबऱ्याकडे. हलक्या वाईनला पिंपात कोंबलं तर फक्त लाकडाची चव उरते, आणि हा दोष मला भारतातल्या बऱ्याच महागड्या बाटल्यांत जाणवतो. द्राक्षात दम असेल तरच पिंपाचा खर्च करावा.

वाईन शाकाहारी असते का? आणि सल्फाइटचं काय?

वाईन नितळ करायला काही जण अंड्यातला पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. ते गाळाबरोबर निघून जातं, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाहीच. बेंटोनाइट ही माती वापरली असेल तर प्रश्न उरत नाही. वाईनरीला सरळ विचारा, सांगतात.

सल्फाइट वाईन टिकवतं, थोडं यीस्टही स्वतः तयार करतं. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पहिल्या घोटाला तोंड का आवळतं?

टॅनिनमुळे. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन बांधून घेतं, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. जांभूळ, सुपारी, आवळा खाणाऱ्या आपल्या लोकांना तुरट रस नवा नाही, तो फक्त पेयात अपेक्षित नसतो.

चव घ्यायची तर घाई नको. ग्लास तिसऱ्या हिश्शाइतकाच भरा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग बघा. जांभळट असेल तर वाईन तरुण, विटकरी झाली असेल तर वय झालंय. मग ग्लास फिरवून वास घ्या. कॅबर्नेत जांभूळ-करवंदाचा गडद वास येतो. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास जोरात आला तर द्राक्ष कच्चं काढलंय असं समजा. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते, आणि ती कल्पना नव्हे. मिरीत असणारा रोटंडोन नावाचा घटक शिराझच्या सालीतही असतो. सांजोव्हेसेत आंबटगोड चेरी आणि चहाच्या कोरड्या पत्तीचा वास. मग छोटा घोट, तोंडभर फिरवा, गिळा, आणि चव किती वेळ रेंगाळते ते बघा. गालांच्या आतून पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला आहे. घशाशी नुसती जळजळ उरली तर अल्कोहोल बाकीच्या चवींवर चढलंय.

सोलापूरकडची रेड वाईन नाशिकच्या किंवा फ्रान्सच्या वाईनपेक्षा वेगळी लागते का?

लागते. आपल्याकडे फळाची चव भरलेली, पिकलेली असते, अंग जड असतं, आणि आंबटपणा मऊ. फ्रान्समधल्या बोर्दोची धार इथे शोधू नये. जिथे वेळेवर काढणी झाली आणि आंबटपणा राखला गेला, तिथे आपली वाईन कुणाच्याही टेबलावर ताठ मानेने ठेवता येते. जिथे नुसत्या साखरेवर भर दिला, तिथे ती उकळलेल्या काळ्या मनुकांच्या पाण्याकडे झुकते.

रूम टेम्परेचरला प्यावी असं वाचलंय.

ते थंड देशातल्या खोलीचं तापमान, 16 ते 18 अंश. सोलापुरात एप्रिलमध्ये खोली 35 ला असते. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग उघडा. सांजोव्हेसेसारखी हलकी असेल तर पाऊण तास ठेवली तरी चालेल. गरम रेड वाईन नुसती झोंबते.

बाटली किती वर्षं ठेवू? जुनी तितकी चांगली ना?

बहुतेक भारतीय रेड वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. आपल्या उन्हाळ्यात तर माळ्यावर, गॅसच्या वरच्या कपाटात किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेली बाटली काही आठवड्यांत शिजून जाते. बूच थोडं वर सरकलेलं किंवा कडेने पाझरलेलं दिसलं तर ओळखा. घरातली सगळ्यात थंड, अंधारी, खालची जागा शोधा. ती नसेल तर सरळ फ्रिज. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. त्यानंतर मटणाच्या रश्श्यात घाला.

आपल्या जेवणाबरोबर जमते का?

जमते, पण निवड करावी लागते. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात, आणि टॅनिन त्यात खरखर भरतं. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर पिंपातली भारी कॅबर्ने उघडली, तर दोन्हींची चव जाते आणि नुसता जाळ उरतो. तिथे हलकी, किंचित थंड केलेली सांजोव्हेसे किंवा तरुण शिराझ घ्या.

स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं टॅनिनला मऊ करतात, त्यामुळे सुकं मटण, कबाब, चुलीवर भाजलेलं मांस भारी वाईनबरोबर झकास. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं मला विशेष वाटतं. शेंगदाण्याचं तेल तुरटपणाला बरोबर आवर घालतं. चटणीत तिखट बेताचं असू द्या आणि वर दही घ्या. जानेवारीत हुरड्याचा आणि द्राक्षकाढणीचा हंगाम एकच असतो. कोवळ्या ज्वारीची गोडी, वर शेंगाचटणी आणि गेल्या वर्षीची हलकी लाल वाईन, याहून आपल्या मातीतली जोडी मला ठाऊक नाही.

शेंगापोळी किंवा कुठल्याही गोडाबरोबर कोरडी रेड वाईन घेऊ नका, आंबट-कडू लागते.

घरी करता येईल का?

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, घरापुरतं असलं तरी. शिवाय बरणीतल्या आंबलेल्या रसाची बहुतेक वेळा व्हिनेगरच होते.

तब्येतीला चांगली असते ना?

या समजुतीवर वाईन विकली जाते, ते मला पटत नाही. सालीत रेस्व्हेराट्रॉल हा गुणकारी मानला जाणारा घटक असतो हे खरं, पण त्याचं प्रमाण अगदी अल्प. साडेतेरा टक्क्यांच्या 150 मिलिलिटर ग्लासात मात्र सुमारे 16 ग्रॅम अल्कोहोल असतं. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. जे पीत नाहीत त्यांनी तब्येतीसाठी सुरू करू नये. गरोदरपणात नाही, औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि गाडी चालवायची असेल तर एक घोटही नाही.

आपल्याकडे इतका बेदाणा होतो, त्याची वाईन का करत नाहीत?

प्रश्न चांगला आहे. इटलीत व्हेरोनाजवळ वालपोलिचेल्ला भागात घड तीन-चार महिने हवेशीर खोलीत सुकवतात आणि त्यांची आमारोने नावाची दमदार वाईन करतात. सुकवण्याचं कसब तर आपल्या माणसांच्या हातात आहेच. पण आपला बेदाणा पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेला असतो, जातही थॉम्पसनसारखी बिनबियांची, पांढरी. तो बेदाणा वाईनला उपयोगाचा नाही. वाईनच्याच जातीचे घड काहीही न लावता सावलीत सुकवले तर काय होईल, हे कुणीतरी या जिल्ह्यात करून बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माझी दोन एकर बाग आहे. वाईनची द्राक्षं लावू का?

आधी विकत कोण घेणार ते ठरवा. खायचं द्राक्ष दर पडला तर बेदाण्याला टाकता येतं. वाईनच्या द्राक्षाला तो आधार नाही. बारीक मणी, आत बी, मार्केट यार्डात कुणी हात लावत नाही. 2001 च्या राज्य धोरणानंतर वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली, आणि 2008 नंतरच्या मंदीत उचल थांबली तेव्हा अनेकांनी उभ्या बागा कुऱ्हाडीने काढल्या. ते दुःख ज्यांनी पाहिलं, ते पुन्हा सहज वळत नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

वाईनरीशी लेखी, अनेक वर्षांचा करार असेल तर विचार करा. त्यात दर कशावर ठरणार हे नीट लिहून घ्या: ब्रिक्स किती, सामू किती, उत्पादनाची मर्यादा किती, आणि गारपिटीने किंवा उशिरा उचल झाल्याने माल बिघडला तर काय. उत्पादन एकरी चार-पाच टनांवरच थांबवावं लागतं, हे मनाला आधी पटवा. जास्त घड ठेवले की रंग आणि चव वाटली जाते, आणि वाईनरी माल परत पाठवते. विरळणी, डिपिंग, कागद लावणं हा खर्च मात्र वाचतो. फवारण्या वाचत नाहीत. भुरी, केवडा हे रोग आणि मिलीबग ही कीड, यांना जात कळत नाही. मणी पिकू लागले की पाखरांसाठी जाळी लागते, तिचाही हिशेब धरा. लागवडीआधी माती आणि पाणी तपासा, आणि पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या.

बाग आणि काढणी बघायची असेल तर कधी यावं?

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. पांढऱ्या जाती आधी निघतात, लाल नंतर, तेव्हा लाल द्राक्षांचं किण्वन बघायचं असेल तर फेब्रुवारी धरा. आधी फोन करून विचारा, कारण काढणीची तारीख आम्हालाच दोन दिवस आधी कळते. बंद बूट आणि टोपी आणा, अत्तर-सेंट लावून येऊ नका, तो वाईनच्या वासावर चढतो. आणि उजाडायच्या आत पोचा. नऊ वाजता आलात तर रिकामे क्रेट तेवढे बघायला मिळतील.